फुली मारा, पण ज्याच्या नावापुढे मारली त्याला कळवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी मूळची डोंबिवलीची. लग्न होऊन लंडनला आले आणि पुढे १९ वर्षं पश्चिम लंडनमधल्या एका बरो कौन्सिलच्या हाऊसिंग खात्यात नोकरी केली, आता रिटायर्ड आहे. दर हिवाळ्यात दोन-अडीच महिने बहिणीकडे येऊन राहते, तेव्हा तुमचा पेपर कागदावर वाचते, बाकी वर्षभर मोबाईलवर. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ आहे, लांबलं तर खुशाल कापा.

झालं असं, की माझी भाची एका महानगरपालिकेत मालमत्ता कराच्या वसुलीला आहे. कुठल्या ते सांगत नाही, का ते शेवटी सांगते. परवा संध्याकाळी ती चहा घेताना वसुलीची डायरी उघडून बसली होती, मी सहज मागचं पान बघितलं तर तिथे पेन्सिलने बिल्डिंगची नावं, फ्लॅट नंबर आणि पुढे फुल्या. कुठे एक फुली, कुठे दोन, आणि एका ठिकाणी चक्क कुत्र्याचं चित्र. म्हटलं हे काय गं? म्हणाली, मावशी, एक फुली म्हणजे तोंड खराब, दोन फुल्या म्हणजे शिपायाला बरोबर घेतल्याशिवाय जायचं नाही. आणि कुत्रा? कुत्रा म्हणजे कुत्रा. हसलो आम्ही दोघी. मग मी एका दोन फुल्यांवर बोट ठेवून विचारलं, ह्याने काय केलं होतं? तर म्हणे काय माहीत, आधीच्या क्लार्कच्या डायरीत होतं ते उतरवून घेतलं, त्याने त्याच्या आधीच्याच्या डायरीतून घेतलं असणार. वर मलाच म्हणाली, तुमच्याकडे बरं, कम्प्युटरवर लाल झेंडा येतो, आमच्याकडे पण तसलं सॉफ्टवेअर यायला पाहिजे.

येईलही, आजकाल सगळं ॲपवर चाललंय. म्हणूनच लिहितेय, कारण तो झेंडा मी १९ वर्षं जवळून बघितलाय, लावलाय पण आणि काढलाय पण.

आमच्या ऑफिसात त्याला नुसतं मार्कर म्हणायचे, 'त्या फ्लॅटवर मार्कर आहे बघ'. इतर कौन्सिलांत वेगवेगळी नावं आहेत, कुठे पीव्हीपी म्हणजे पोटेन्शियली व्हायोलंट पर्सन, अंगावर येऊ शकणारा माणूस, कुठे कॉशनरी कॉन्टॅक्ट लिस्ट, कुठे एम्प्लॉयी प्रोटेक्शन रजिस्टर, काम एकच. भाडेकरूचं पान उघडलं की वरती पट्टी यायची, एकट्याने भेट देऊ नये, किंवा फक्त ऑफिसात भेटावं, किंवा कुत्रा आहे. कौन्सिल म्हणजे तिथली नगरपालिकाच, पण कामं जरा जास्तीची, स्वतःच्या मालकीची हजारो घरं भाड्याने दिलेली असतात, त्यामुळे लोकांच्या दारात रोज कोणी ना कोणी उभं असतं. भाडं थकलं म्हणून, ओल आली म्हणून, बॉयलरवाला, शेजाऱ्याची तक्रार घेऊन गेलेला, म्हाताऱ्यांची चौकशी करणारे सोशल वर्कर, डॉग वॉर्डन, पार्किंगवाले. आणि १९७४ चा हेल्थ अँड सेफ्टी ॲक्ट आहे तो सांगतो की कर्मचाऱ्याची सुरक्षितता ही मालकाची जबाबदारी, म्हणजे एखाद्याच्या घरी धोका आहे हे कौन्सिलला माहिती असताना त्यांनी मला तसंच पाठवलं आणि मला काही झालं तर कौन्सिल अडकणार. त्यातून ह्या याद्या वाढल्या.

आणि गरज आहे हो, नाही असं मी म्हणणार नाही. मी नोकरीत नवीन होते तेव्हा थकलेल्या भाड्यासाठी एका माणसाकडे गेले, त्याने आत घेतलं, दार लावलं, कुलूप फिरवलं आणि किल्ली पँटच्या खिशात टाकली. काही बोलला नाही. मी सोफ्यावर बसून फॉर्म भरत राहिले, हात थरथरत होते म्हणून अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की तो फॉर्म नंतर मलाच वाचता येईना. २० मिनिटांनी त्याने स्वतःच दार उघडलं, थँक यू म्हणाला. काहीच झालं नाही. पण ऑफिसात येऊन सांगितलं तेव्हा वरच्या मजल्यावरच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थच्या बाई म्हणाल्या, तो का, त्याने आमच्या माणसाला हातोडा फेकून मारला होता गेल्या वर्षी. एकच बिल्डिंग, मध्ये एक जिना, आणि हातोडा काही जिना उतरून खाली आला नाही. त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, अख्ख्या गावाची यादी करा.

तिथल्या कौन्सिलवाल्यांच्या डोक्यात अजून एक जुनी गोष्ट पक्की बसलेली आहे. २० जून १९९१, काउंटी डरहॅममधलं बट्सफील्ड. डर्वेंटसाइड कौन्सिलचे प्लॅनिंग अधिकारी हॅरी कॉलिन्सन एका बेकायदा बंगल्यावर कारवाईला गेले होते, आणि बंगल्याच्या मालकाने टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर त्यांना गोळ्या घालून मारलं, एक रिपोर्टर आणि एक पोलीसही जखमी झाले. अतिक्रमण हटाव पथक म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको. पण मला ह्यात नेहमी एक वाटतं, तिथे पोलीस होते, कॅमेरे होते, सगळा गोतावळा होता, तिथे यादीतल्या एका पट्टीने काय वाचवलं असतं? यादी तुम्हाला फक्त सांगते की जाऊ नको, पुढचं कुणीतरी करायचं असतं. २०१० नंतर कौन्सिलांच्या पैशाला कात्री लागली आणि आमच्याकडे 'दोघांनी जावं' ह्याचा अर्थ हळूहळू 'कुणीच जाऊ नये' असा व्हायला लागला, कारण दुसरा माणूसच नव्हता. ते पुढे येईलच.

आता स्लाऊची गोष्ट सांगते, ती मला वाटतं ह्या विषयातली सगळ्यात शहाणं करणारी आहे. स्लाऊ म्हणजे हीथ्रो एअरपोर्टच्या थोडं पलीकडे, आपली बरीच आयटीतली मराठी मुलं तिथे राहतात. २००५ साली तिथल्या एका बाईंनी एका दारुड्याला फुलांचा वाफा तुडवताना बघितलं, त्याला हटकलं, तर तो त्यांच्यावरच उलटला. चांगली नागरिक म्हणून त्यांनी कौन्सिलला फोन केला. फोनवरच्या अधिकारी बाईंशी त्यांचं वाजलं, इतकं की दारुडा राहिला बाजूला आणि भांडण ह्या दोघींचं झालं. मग त्यांनी लेखी तक्रार केली आणि तिच्यात रागाच्या भरात लिहिलं की ती बाई तेव्हा समोर असती तर मी तिच्या अंगावर गेले असते, आणि लगेच पुढे हेही लिहिलं की माझा स्वभाव असा नाही, म्हणजे बघा तिने मला किती चिडवलं असेल. आपण नाही का म्हणत, समोर असता तर मुस्काटात दिली असती? दिवसातून दोनदा म्हणतो, रिक्षावाल्याला म्हणतो, टीव्हीला म्हणतो. कौन्सिलने ह्या वाक्यावरून त्यांना व्हायोलंट पर्सन्स रजिस्टरवर टाकलं, मीडियम रिस्क, १८ महिन्यांसाठी, आणि ते रजिस्टर ईमेलने वेगवेगळ्या खात्यांना आणि बाहेरच्या संस्थांनाही धाडलं.

बाई गप्प बसल्या नाहीत, बदनामीचा दावा लावला. २००९ मध्ये लंडनच्या हायकोर्टात ज्युरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि १२,००० पौंड भरपाई दिली, कौन्सिल अपिलात गेली आणि डिसेंबर २०१० मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. आता ह्यातली बारीक गोष्ट बघा, कोर्ट असं म्हणालं नाही की यादीच करू नका. ज्या खात्यांच्या लोकांची आणि त्या बाईंची खरोखर गाठ पडू शकते त्यांना सावध करणं समजू शकतं, असं धरलं. पण ज्यांचा ह्या बाईंशी आयुष्यात संबंध यायचा नाही अशांनाही सरसकट पाठवलं, तिथे तुम्ही माणसाच्या खासगी आयुष्याच्या हक्काची पायमल्ली केलीत, युरोपियन मानवी हक्क कराराचं आठवं कलम, आणि एकदा ती केलीत की मग 'आम्ही कर्तव्य म्हणून कळवलं' हा बचाव तुम्हाला मिळणार नाही. म्हणजे थोडक्यात, कुणाला सांगितलंत ते महत्त्वाचं. आमच्या ऑफिसात ह्या निकालानंतर एकदम धावपळ झाली होती, कोणाकोणाला कुठली यादी जाते ते शोधायला तीन आठवडे लागले, कॅन्टीनच्या कॉन्ट्रॅक्टरला पण जात होती असं निघालं. कशाला ते कुणालाच माहीत नव्हतं.

पण माझ्या मनात कोर्टापेक्षा दोन माणसं जास्त बसलीयेत.

एक म्हणजे एक गुजराती बा, १९७२ ला युगांडातून आलेल्या, नवरा वारलेला, एकट्या. त्यांना नवीन फ्लॅट मिळाला आणि जानेवारीत बॉयलर बंद पडला. गॅसवाला येतो म्हणायचा आणि यायचा नाही, एकदा, दोनदा, तीनदा. बा दोन स्वेटर, वर शाल आणि डोक्याला माकडटोपी घालून आमच्या काउंटरवर आल्या आणि मला विचारतात, 'बेटा, मैंने उनको कुछ गलत बोला क्या?' मी पान उघडलं तर वर पट्टी, दोघांनी जावं. बांच्या नावावर नाही, पत्त्यावर. आधीच्या भाडेकरूच्या मुलाने कधीतरी कुणाच्या तरी अंगावर बाटली फेकली होती, ते कुटुंब घर सोडून गेलं, पट्टी मात्र तिथेच राहिली भिंतीवरच्या खिळ्यासारखी. गॅसवाल्यांकडे जोडीला दुसरा माणूस नव्हता म्हणून प्रत्येक वेळी अपॉइंटमेंट रद्द, आणि का रद्द ते सांगायचं नाही असा नियम. ७४ वर्षांच्या बाई, ज्यांच्या घरी गेलं की आधी थेपले पुढे येतात. पट्टी काढायला मला किती वेळ लागला असेल? एक टिक काढायची होती, अर्धं मिनिट. संध्याकाळी बॉयलर चालू.

दुसरे एक काका, आपलेच, पार्ल्याचे. त्यांनी कौन्सिलच्या ब्लॉकमधला फ्लॅट विकत घेतलेला आणि छताच्या दुरुस्तीचं भलंमोठं बिल आलेलं. इंग्रजी चांगलं पण डोक्यात मराठी, चिडले की आणखीच मराठी. फोनवर म्हणाले, आय विल नॉट लीव्ह यू, आय विल सी यू. मी सोडणार नाही, बघून घेईन. तिकडच्या गोऱ्या मुलीने काय ऐकलं? हा माणूस माझा पिच्छा सोडणार नाही आणि मला गाठणार आहे. तिने तसं टाईप केलं, घाबरली होती बिचारी, खोटं लिहिलं असं नाही म्हणत मी. पाच आठवड्यांनी ते माझ्या नजरेला पडलं आणि मला आधी हसूच आलं. मी मॅनेजरला सांगितलं की आमच्या भाषेत ह्याचा अर्थ वरपर्यंत तक्रार करीन, कोर्टात जाईन असा असतो. तो म्हणाला, नक्की? आणि मी अडखळले. कारण खरं सांगायचं तर नक्की नाही, 'बघून घेईन' म्हणणारे काही लोक खरंच बघून घेतात. पण प्रत्यक्ष घडलेलं काही नव्हतं, म्हणून मार्कर काढला. काकांना मात्र ना लावला तेव्हा कळलं, ना काढला तेव्हा. पुढे मंडळाच्या गणपतीत ते माझ्या शेजारी बसून मोदक खात होते, मस्त गप्पा मारल्या, आणि मला आतून कसंतरी होत होतं, सांगता येत नाही आणि राहवतही नाही. ऑफिसचं बाहेर बोलायचं नसतं.

तिथे ह्यावर नियम आहेत. माहिती आयुक्तांचं ऑफिस आहे, आयसीओ म्हणतात, त्यांचं मार्गदर्शन होतं की मार्कर लावायचा तर ठराविक घडलेल्या गोष्टीवरून लावा, कुणाच्या सांगोवांगी मतावरून नाही. निर्णय वरच्या अधिकाऱ्याने घ्यावा. आणि त्या माणसाला पत्र लिहा, की तुम्ही अमुक दिवशी असं वागलात, म्हणून आम्ही आमच्या रेकॉर्डवर अशी खूण केली आहे, ती ह्यांना ह्यांना कळवू, अमक्या तारखेला पुन्हा तपासू, आणि पटत नसेल तर दाद इथे मागा. सांगितल्याने तो माणूस आणखीच भडकून कुणाच्या जिवावर उठेल अशी खरी भीती असेल तरच न सांगता ठेवा, आणि तसं का ते लिहून ठेवा. शिवाय आपल्याबद्दल काय लिहिलंय ते मागायचा हक्क कुणालाही आहे, आधी १० पौंड पडायचे, २०१८ पासून फुकट, आणि महिन्याभरात द्यावं लागतं. नियम चांगले आहेत. पाळले जातात का, तर वर दोन गोष्टी सांगितल्याच.

ते पत्र लिहिणं सगळ्यांच्या जिवावर यायचं. पट्टी लावायला सगळे तयार, पत्रावर सही करायला कोणी नाही. मलाही आधी वाटायचं की कशाला, पत्र वाचून तो आणखी चिडेल. एकदा एका माणसाने काउंटरच्या काचेवर लाथ घातली होती, काच तडकली, त्याला मी पत्र पाठवलं. चार दिवसांनी तो स्वतः आला, पत्राची चौपदरी घडी करून खिशात, मी मनातल्या मनात पॅनिक बटण कुठे आहे ते बघून ठेवलं. त्याने घडी उघडली, काचेवर दाबून धरली आणि म्हणाला, हे मी केलं, बरोबर आहे. ही तारीख कसली? मी म्हटलं, त्या दिवशी आम्ही परत बघू, काही घडलं नाही तर काढून टाकू. त्याने मोबाईलमध्ये तारीख टाकली आणि गेला. एक वर्षाने, त्याच तारखेला, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी फोन. निघालं का? निघालं नव्हतं, ज्याने बघायचं तो रजेवर होता. दुसऱ्या दिवशी काढलं आणि त्याला फोन करून सांगितलं. वर्षभरात त्याचा एकदाही आवाज चढला नव्हता. पत्रामुळेच असं मी म्हणत नाही, पण तारीख त्याने लक्षात ठेवली होती, आम्ही नाही.

आता आपल्याकडे या. इथे कर्मचाऱ्यांवर काय येतं ते मला लंडनमध्ये बसून शिकवायचं नाहीये. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ तेलमाफियांनी मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे ह्यांना जिवंत जाळलं, ते मी तिकडे टीव्हीवर बघून रात्रभर झोपले नव्हते. ऑगस्ट २०२१ मध्ये ठाण्यात घोडबंदर रोडला फेरीवाल्यांवर कारवाई करताना पालिकेच्या सहायक आयुक्त बाईंवर कोयत्याने हल्ला झाला, त्यांची बोटं तुटली. माझी भाची त्याच वयोगटातली. तेव्हा कर्मचाऱ्यांना आधीच सावध करणारं काहीतरी पाहिजे, ह्यात वादच नाही.

पण आपण त्यावर काय केलंय, तर बोर्ड लावलाय. कुठल्याही सरकारी ऑफिसात जा, जिन्यात, खिडकीवर, टेबलाच्या मागे, सरकारी कामात अडथळा आणल्यास, कर्मचाऱ्यास मारहाण केल्यास कलम ३५३ खाली इतकी इतकी शिक्षा. आता नव्या भारतीय न्याय संहितेत ते १३२ झालंय, बोर्ड अजून ३५३ चेच आहेत बऱ्याच ठिकाणी. म्हणजे जन्मदाखला घ्यायला आलेल्या आजोबांपासून सगळ्यांनाच आपण दारातच मार्कर लावून ठेवलाय. आणि खरी यादी कुठे आहे? शिपायाच्या डोक्यात आणि भाचीच्या डायरीच्या मागच्या पानावर, पेन्सिलने, कारण नाही, तारीख नाही, कुणी मारली ते नाही. तिथे कोणी दाद मागणार? मागायला आधी आपल्या नावापुढे फुली आहे हे तर कळायला पाहिजे.

आणि हीच फुल्यांची यादी उद्या जशीच्या तशी उचलून सॉफ्टवेअरमध्ये भरली तर? पेन्सिलीची फुली निदान पुसट होते, डायरी फाटते, शिपाई रिटायर होतो. कम्प्युटरवरची होत नाही, आणि ती एका क्लिकमध्ये पाणीखात्याला, आरोग्याला, पोलिसांना, कॉन्ट्रॅक्टवर घेतलेल्या वसुली एजन्सीला जाते. स्लाऊमध्ये २००५ साली ईमेलने गेली, इथे व्हॉट्सॲप ग्रुपवर जाईल, फोटोसकट. आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे, पण त्यात सरकारी कामाला सवलतीही भरपूर ठेवल्यात, त्यामुळे त्याच्या भरवशावर मी तरी राहणार नाही.

आणखी एक, जे मला सगळ्यात जास्त खुपतं. यादी करायची वेळ आली की पहिली नावं कुणाची येतील? इंग्रजांनी १८७१ साली क्रिमिनल ट्राइब्स ॲक्ट आणला, पुढे तो मुंबई इलाख्यातही लागला, माणसाने काय केलं ते बघायचं नाही, कुठल्या जमातीत जन्मला ते बघायचं, नाव रजिस्टरात, हजेरी द्यायची. सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण आजही कुठे चोरी झाली की पहिली जीप पारध्यांच्या पालावरच जाते की नाही? ज्यांनी ही यादीची विद्या आपल्याला शिकवली त्यांच्या स्वतःच्या देशात आता एका बाईने कौन्सिलला त्यावरून कोर्टात खेचलं, आणि आपल्याकडे मात्र जुनंच चालू. आपल्या पालिकेच्या यादीत वस्तीतला रिक्षावाला येईल, फेरीवाला येईल, मानसिक आजार असलेला एखादा मुलगा येईल ज्याची आई दारात उभी राहून सगळ्यांना हात जोडते. पण ज्या सोसायटीच्या चेअरमनने क्लार्कच्या कानाखाली वाजवली आणि ज्याचा मेव्हणा माजी नगरसेवक आहे, त्याच्या नावापुढे फुली मारायला कोण पुढे येणार? भाचीला हे विचारलं, तर तिने डायरी उलटी करून दाखवली. त्या सोसायटीपुढे काहीच नव्हतं. म्हणाली, तिथे आम्ही जातच नाही मावशी, तिथलं साहेब बघतात.

तर माझं म्हणणं एवढंच आहे पालिकेच्या लोकांना, जे हे वाचत असतील त्यांना. करा यादी, पण माणसाची करा, पत्त्याची नको, घर बदललं की पुसा. काय घडलं, कधी, कोणी बघितलं, एक ओळ लिहा. नुसतं तोंड सुटणाऱ्याला आणि हात उचलणाऱ्याला एकाच खणात टाकू नका, नाहीतर आपल्या राज्यात यादीबाहेर कोणी उरणार नाही. ज्याला त्या दारात जायचंय त्यालाच दाखवा. बरोबर दुसरा माणूस द्या, नाहीतर यादीचा उपयोग फक्त काम टाळायला होतो आणि बाईमाणसं थंडीत बसून राहतात. तारीख टाका. आणि पत्र पाठवा, मराठीत, साध्या मराठीत, 'उपरोक्त विषयास अनुसरून' नको, सरळ लिहा की तुम्ही असं वागलात म्हणून आम्ही असं केलंय. कर थकला की जप्तीची नोटीस बरोबर पोचते घरी, तर हेही पोचेल.

भाचीने काल माझ्यासमोर बसून मागच्या पानावरच्या प्रत्येक फुलीपुढे तारीख लिहायचा प्रयत्न केला. एकूण ११ फुल्या, त्यातल्या चारच तिला आठवल्या. एक गृहस्थ तर गेल्या वर्षी वारलेत असं तिच्या आईने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं. ती रबरने पुसली, बाकीच्या सहा अजून तशाच आहेत, म्हणते साहेबांना विचारीन.

पत्र छापलंत तर माझं नाव छापू नका ही विनंती, आमचं आडनाव फार कमी लोकांचं आहे, भाचीचा वॉर्ड लगेच ओळखू येईल आणि मग ऑफिसातलं कुणीतरी तिच्याच नावापुढे फुली मारायचं.

आपली,
एक जुनी वाचक,
हॅरो, लंडन (सध्या मुक्काम डोंबिवली पूर्व)